डॉकसमोरचं गवत

६ जुलै, रविवार

देवांगचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून नेहमीचा रविवारचा फोन. "आई, दिवसभर करतेस काय?" म्हटलं, गवत वाढताना बघते. माझ्या मुलाला वाटलं मी टोमणा मारतेय. टोमणा नव्हता. आमच्या डॉकसमोर तळ्यात जे गवत माजलंय ते आता माझ्या कमरेच्या वर आलं आहे. पाणी दिसेनासं झालं. एकनाथची वल्ह्यांची होडी डॉकला बांधलेली असते, ती अशी रुतली आहे की कुणी तिथेच पेरली असावी.

एकनाथ होता तेव्हाही हे उगवायचं. तो होडी जाण्यापुरती वाट ठेवायचा आणि बाकीचं तसंच सोडायचा. मी दर उन्हाळ्यात म्हणायचे, माणूस लाव आणि उपटून टाक. "राहू दे गं, बदकांना बरं असतं." बायकोला काय बरं असतं ते कधी विचारलं नाही. मागच्या ऑक्टोबरात गेला आणि मला बदकं आणि गवत ठेवून गेला.

देवांगचं म्हणणं, घर विकून फ्रीमाँटला ये, त्यांच्या टाउनहाउसमध्ये खालची खोली रिकामी आहे. खालच्या खोलीत मी काय करू? तिथून तर गवतही दिसणार नाही.

लेक असोसिएशनला आज रीतसर तक्रार लिहिली. कॉन्व्हेंटमध्ये मदर इमॅक्युलेटाने शिकवलेलं इंग्रजी अजून कामाला येतं. "अनसाइटली" हा शब्द दोनदा वापरला.

१२ जुलै, शनिवार

चक विल्कॉक्स आज आमच्या घरात येऊन बसला. हे लिहून ठेवायला हवं, कारण एकोणीसशे शहाऐंशीपासून, आम्ही मिशिगनात हे घर घेतल्यापासून, हा माणूस पोर्चवरूनच बोलतो. तळ्याला त्याच्या खापरपणजोबाचं नाव, असोसिएशनचा अध्यक्ष हा. सोबत बायकोने केलेला झुकिनी ब्रेड.

"तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, शारू," तो म्हणाला. माझं नाव शरयू आहे हे सांगून मी थकले. "त्या गवताबद्दल आम्ही बोललो असतो तर लोकांनी भलता अर्थ काढला असता. तुमची गोष्ट वेगळी."

माझी गोष्ट वेगळी का, ते त्याने सांगितलं नाही. स्वतःच आणलेल्या ब्रेडचे दोन काप खाल्ले. मग मुद्द्यावर आला. रस्त्याच्या वळणावर जो मोठा दगड आहे, 'विल्कॉक्स लेकचे पायोनियर', त्यावर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, नवीन नावांच्या पट्ट्या लावणार आहेत. "एकचं नाव असावं असं कमिटीत सगळ्यांचं मत आहे."

एक म्हणजे एकनाथ. आम्ही घर घेतलं तेव्हा याच कमिटीतल्या एकाने विचारलं होतं, तुमचं मोटेल कुठे आहे? भारतीय म्हटला की मोटेलवालाच. एकनाथ गाड्यांच्या इंजिनांचं डिझाइन करायचा, मी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट. पण एकनाथ रागावला नाही. त्या दगडापाशी गाडी हळू करायचा आणि म्हणायचा, "साळगावकर लांबलचक आहे, पण खाली जागा आहे बघ. बारीक अक्षरात बसेल." मी म्हणायचे, चल पुढे, मागे गाडी आहे. तो गंमत करत नव्हता हे मला कळत होतं.

चकला म्हटलं, कोरताना स्पेलिंग मला विचारा. एवढंच बोलले. तो गेल्यावर उरलेला ब्रेड संपवला. कोरडा होता.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी गवतात माणसं. दोन बायका आणि एक पुरुष, कनूमध्ये, त्या लांब निमुळत्या होडीत, माझ्या डॉकपासून हाकेच्या अंतरावर. गवताचे तुरे हातात घेऊन बघत होते, भाजीवाल्याकडे शेंगा बघाव्यात तसे. मी डॉकवर जाऊन ओरडले, ही खासगी जागा आहे.

"जमीन खासगी आहे," त्यातली माझ्या वयाची होती ती म्हणाली. "पाणी नाही." मग नीट बघून म्हणाली, "तू शरयू का? एक कुठे आहे?"

नाव अगदी बरोबर उच्चारलं. मी सांगितलं, तो गेला. तिने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. हे मला आवडलं नाही. माझ्या नवऱ्यासाठी परक्या बाईने इतका वेळ गप्प राहायचं कारण काय?

तिचं नाव डोरीन. पोटावाटोमी आहे, इथल्या मूळ इंडियन लोकांपैकी. शाळेची मुख्याध्यापिका होती, निवृत्त. तो सूर मी लगेच ओळखला. काही वर्षांपूर्वी तिच्या लोकांनी इथे बी टाकलं. एकनाथने त्यांना ट्रक आमच्या अंगणात लावू दिला. चहा करून दिला. "आलं घालून," ती म्हणाली. "तो म्हणाला, आम्ही येतो हे तुला माहीत आहे."

मी हॉस्पिटलात लोकांच्या गाठी तपासत होते तेव्हा माझा नवरा घरी यांच्यासाठी आल्याचा चहा करत होता. माझ्या चहात त्याने कधी आलं घातलं नाही. मला आवडत नाही म्हणून घातलं नसेल, पण विचारायला काय हरकत होती?

"म्हणजे हे गवत तुम्ही लावलंत," मी म्हटलं.

"हे गवत नाही, अन्न आहे."

"माझ्या दारात?"

"आमच्या दारात," ती म्हणाली. "दार तू नंतर बसवलंस."

अशी उद्धट बाई. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

असोसिएशनची सभा, चकच्या कोठारात. गवतावर औषध फवारायचा ठराव. चकने मांडला, अनुमोदन मी दिलं. टाळ्या पडल्या. एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुरुवार, अठ्ठावीस तारीख ठरली.

त्याआधी चकने त्याची दरवर्षीची गोष्ट सांगितली. खापरपणजोबा जोसाया न्यूयॉर्ककडून बैलगाडीने आला, सरकारी कचेरीतून जमीन घेतली, ओकची झाडं पाडून नांगर धरला. पहिल्या हिवाळ्यात खायला काही उरलं नाही. तेव्हा तळ्याकाठच्या एका इंडियन कुटुंबाने रात्रीतून दारात तांदळाचं पोतं ठेवलं, त्यावर सगळे जगले. ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावतात, दरवर्षी.

आज मी विचारलं, "मग त्या कुटुंबाचं काय झालं?"

"ते पुढे गेले," चक म्हणाला.

"कुठे?"

"पश्चिमेला असेल. ते लोक जायचे तसे."

मी अनुमोदन देऊन घरी आले.

१० ऑगस्ट, रविवार

आन्या, देवांगची मुलगी, ॲन आर्बरहून आली. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते, कपडे धुवायला माझ्याकडे येते. मी सभेचं आणि डोरीनचं सांगितलं. तिने वॉशरचं झाकण आपटलं.

"आजी, अठराशे चाळीसमध्ये सोल्जर्सनी त्यांना राउंड अप करून इथून चालवत नेलं. मिसिसिपीच्या पलीकडे. दे डिडन्ट 'पुढे जा'. काही लपून राहिले म्हणून डोरीन आहे."

"मग ते मी केलं का? आम्ही व्हिसावर आलो. तोफा घेऊन नाही."

"आय नो. बट यू आर सेकंडिंग द मोशन, आजी."

या मुलीला भाकरी थापता येत नाही, पण नेमकं बोट ठेवता येतं. मी म्हटलं, त्या दगडावर तुझ्या आजोबांचं नाव येतंय, तुला काहीच वाटत नाही?

तिने मोज्यांचा ढीग पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "आबांना खूप वाटलं असतं."

"तेच म्हणतेय मी."

"हो. तेच मीही म्हणतेय." मोजे घड्या करत बसली. काय म्हणायचं होतं देव जाणे. आजकालची मुलं अर्धवट बोलतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

नोव्हायहून विनीताचा फोन. मराठी मंडळाची ही सचिव माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि माझ्याहून वीसपट सोवळी. "शरयूताई, ऋषिपंचमी अठ्ठावीसला. माझ्याकडे या ना. पण वरी कुठेच नाहीये यार, ग्रोसरीवाल्याकडची संपली. फ्रोझन भाज्यांची ऋषीची भाजी करू का? चालेल?"

"विनीता, त्या भाज्या ट्रॅक्टरने पिकवलेल्या असतात."

"ट्रॅक्टर म्हणजे बैल नाही ना पण."

मी फोन ठेवला. नियम सरळ आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लावता जे आपोआप उगवेल ते खायचं. का, तर बायकांच्या पाळीचा दोष जावा म्हणून. एका पॅथॉलॉजिस्टने हा उपास करावा याइतकं हास्यास्पद काही नाही, आणि पाळी जाऊनही युगं लोटली. पण आई करायची. वेंगुर्ल्याला एक बाई तिला तळ्यातून देवभात आणून द्यायची, न पेरता उगवणारा. लालसर, जाडाभरडा. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आले की आई म्हणायची, तिथे काय वाटेल ते शिकवा म्हणावं, हा एक दिवस माझा. म्हणून करते. उद्यापन करायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी एकनाथने, आयुष्यात कधी नव्हे ते, त्या दिवशी स्वतः खिचडी केली. काळी कुळकुळीत, धुराचा वास. म्हटलं, भांडं जाळलंस. "जळलेली नाही. खाऊन तर बघ, आज चालतं." करपलेलं कधीपासून चालायला लागलं? मी ताट सरकवलं आणि राजगिऱ्याची लापशी करून प्यायले. तो एकटा बसून सगळी खिचडी संपवून उठला. हट्टी माणूस.

२० ऑगस्ट, बुधवार

डोरीन आली, एकटी. या वेळी दारातून, ट्रक अंगणात लावून. पीक तयार व्हायला आलंय का ते बघायला. मी डॉकवर खुर्ची टाकून बसले, लक्ष ठेवायला. ती कनूतून फिरून आली आणि दुसऱ्या खुर्चीवर न विचारता बसली. एकनाथची खुर्ची.

चहा केला. आलं घालून. नसता केला तर तिने एकनाथचं नाव काढलं असतं.

शाळेच्या गप्पा निघाल्या. मी सांगितलं, आम्हाला नन्स होत्या. मराठीत बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायच्या, संध्याकाळपर्यंत. आम्ही किती हसायचो, ती पाटी एकमेकींच्या गळ्यात घालायला टपून बसायचो.

"माझ्या आईलाही नन्स होत्या," डोरीन म्हणाली. "सहाव्या वर्षी घेऊन गेले. आमची भाषा बोलली की तोंडात साबण."

"आणि सुट्टीत घरी गेली की?"

"सुट्टीत पाठवत नसत."

मी विषय बदलला. तिला म्हटलं, दाखव तरी, तुझं अन्न कसं असतं ते.

तिने एक तुरा वाकवून तळहातावर घासला. लांब, कुसळाचा दाणा, आत अजून हिरवट. तिचे लोक याला म्नोमेन म्हणतात. तिने सांगितलं, कनूतून दोन काठ्यांनी झोडायचं, निम्मं कनूत पडतं, निम्मं पाण्यात. पाण्यात पडलेलं पुढच्या वर्षी उगवतं.

"म्हणजे नांगर नाही," मी म्हटलं.

"पाण्यात नांगर?"

"आणि बैल?"

"कसले बैल?" तिने विचारलं. मग मला सगळं सांगावं लागलं, आई, उपास, बैल, तळ्यातला देवभात. डोरीन इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "म्हणजे तुमच्याकडे या भातासाठी खास दिवस आहे," ती म्हणाली, "आणि तू त्याच्यासमोर बसून उपाशी राहतेस?"

जन्मभर मी काचेखाली पेशी बघून सांगितलं ही कुठली, कशी, काय करणार. आणि दारासमोर भात उभा होता.

फवारणीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चककडे गेले. म्हटलं, तक्रार मागे घेते.

त्याने शांतपणे पाय पसरले. "शारू, ठराव झाला. परमिट आलं. वर पहिली सही तुमची."

"माझ्या किनाऱ्यासमोर औषध टाकायला माझी परवानगी लागते. ती काढून घेतली तर?"

"लागते," तो म्हणाला. "काढून घ्या. पण ते सगळं रान तुमच्याच समोर आहे. मग बाकीच्यांना मी काय सांगू?" मग गॅरेजमध्ये नेऊन दाखवलं. दगडावर लावायची पितळी पट्टी तयार होऊन आली होती. EKNATH SALGAONKAR. स्पेलिंग बरोबर. मला न विचारता बरोबर. मी बोटाने अक्षरं चाचपली, हे त्याने पाहिलं.

"लेबर डेच्या सोमवारी कमिटी लावणार आहे," चक म्हणाला. "सगळे एकमताने आहेत. सध्या."

सध्या. कॉन्व्हेंटातल्या नन्ससुद्धा धमकी याहून उघड द्यायच्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

देवांगला फोनवर विचारलं, आबांना तो दगड किती हवा होता, तुला आठवतं?

"आई, खूप. मी कॉलेजला जाताना मला म्हणाले होते, एक दिवस तिथे आपलं नाव असेल. व्हाय?"

मी म्हटलं, काही नाही.

मग हा माणूस गवत का राखत बसला? त्याला माहीत होतं की कमिटीला ते नको आहे. चकने त्याला सांगितलं असणारच. एक तर दगड हवा असतो किंवा गवत. दोन्ही हवं असणारा माणूस मला गोंधळात टाकून निघून जातो आणि आता मी निवड करायची. आयुष्यभर हेच केलं त्याने. हॉटेलात गेलो तरी म्हणायचा, तू ठरव.

अजून डोरीनला सांगितलेलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी

काल संध्याकाळी परवानगी मागे घेतल्याची ईमेल कंत्राटदाराला आणि चकला पाठवली. उत्तर नाही. सकाळी आंघोळ केली, सात सुपाऱ्या मांडून सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा केली, तेवढ्यात पाण्यावर मोटरचा आवाज आला. ईमेल कुणीही वाचत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

होडी मीच सोडली. गाठ एकनाथची, सुटता सुटेना. इंजिनियरची गाठ. स्वयंपाकघरातली सुरी आणून दोरी कापली. या वयात, उपाशी पोटी, होडीत चढणं हा काय प्रकार आहे ते माझ्या हाडांच्या डॉक्टरला कळवणार नाही. वल्ह्याने रेटत भाताच्या मधोमध गेले आणि बसले. पातं गळ्यापर्यंत, कुसळं केसांत, किडे ब्लाउजात.

औषधाच्या नावेतली दोन माणसं थांबली. "मॅडम, बाहेर या. आम्हाला इथे फवारायचं आहे."

"हे पाणी माझ्या दारासमोरचं आहे. परवानगी मागे घेतली आहे. तुमची ईमेल उघडा."

त्यांनी चकला बोलावलं. तो येईपर्यंत डोरीनचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. हातात कागदी पिशवी. आज माझा उपास म्हणून आली होती. डॉकच्या खांबाला फवारणीची पिवळी नोटीस लावलेली आहे, ती तिने वाचली. वरून खालपर्यंत, चष्मा लावून.

"इथे तुझं नाव आहे," ती डॉकवरून म्हणाली.

"मला वाचता येतं."

"कधी सांगणार होतीस?"

"आता बसले आहे ना इथे," मी म्हटलं.

तिने पिशवी खाली ठेवली आणि एकनाथच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. मुख्याध्यापिका असंच करतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

चक आला. कमरेवर हात ठेवून डॉकवर उभा. "शारू, सोमवारचा विचार करा."

"केला."

"नावाबद्दल मी आता काही शब्द देऊ शकत नाही."

"एकनाथ अडतीस वर्षं थांबला. त्याला घाई नाही. चक, त्या पोत्यात काय होतं?"

"कुठल्या?"

"तुमच्या खापरपणजोबाच्या दारातल्या. दर वर्षी सांगता ते."

"तांदूळ. तुम्हाला माहीत आहे."

"मिशिगनात, हिवाळ्यात, कुठून आला तांदूळ? नोव्हायच्या ग्रोसरीतून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यापर्यंत आलेल्या पात्यांकडे. फार वेळ नाही. डोरीनकडे बघितलं नाही. "ती एक गोष्ट आहे, शारू. घरातली," तो म्हणाला आणि नाववाल्यांना हात करून निघून गेला. नाव गेली. शेजारच्या घरांच्या पडद्यांमागून जेवढ्यांना बघायचं होतं तेवढ्यांनी बघून घेतलं. आता मला कुणी झुकिनी ब्रेड आणणार नाही, हा एक फायदा.

डॉकला लागायला अर्धा तास गेला. डोरीनने हात दिला नाही. पाय डॉकवर आल्यावर मात्र कोपराला धरून वर ओढलं, जरा जास्तच जोरात.

"सोमवारी झोडायला येऊ आम्ही," ती म्हणाली. "ट्रक इथे लावेन."

"लाव. लिलीच्या वाफ्यावर नको."

"'एक'सुद्धा हेच म्हणायचा." पिशवी माझ्या हातात देऊन गेली. जेवायला थांब म्हटलं होतं. म्हणाली, आज नको. रागावली आहे. असू दे, मीही रागावले असते.

पिशवीत मागच्या वर्षीचा तांदूळ, त्यांनी चुलीवर भाजून ठेवलेला. काळा, लांब. पातेल्यात पाण्यात टाकला, मीठ, थोडं तूप. शिजायला वेळ लागला. झाकण काढलं आणि स्वयंपाकघरात धुराचा वास पसरला.

तोच वास. तीच काळी कुळकुळीत खिचडी.

मी ताट वाढून घेतलं आणि डॉकवर त्याच्या खुर्चीत बसून खाल्लं. सगळं. आईच्या देवभातासारखं नाही. जास्त चांगलं, हे आईला कळवायची सोय नाही. पातेल्यात आणखी एका माणसाचं उरलं आहे.

भांडं जळलं नव्हतं तर तसं नीट सांगायचं होतं. "आज चालतं" म्हणे. हे काय सांगणं झालं? समोर बोट दाखवलं असतंस, तरी पुरलं असतं.